दूध उतू का घालवायचं

चि. सई,

परवा नव्या घरात दूध उतू गेलं, काचेच्या स्टोव्हवरून ओघळून खालच्या ड्रॉवरपर्यंत पोचलं, आणि तू फोनमधून मान वर न करता विचारलंस, "आई, याने घर लाभतं ना? मग आधीची चार घरं आपण का सोडली?" मी म्हटलं, "बोलत बसू नकोस, फडकं आण." मी चिडले नव्हते गं. उत्तरच सुचलं नाही. तेव्हापासून भांडी घासताना, गाडी चालवताना तुला उत्तर देतेच आहे.

एडिसन, कोलंबस, डे मॉइन, प्लेनो. चारही ठिकाणी दूध उतू घालवलं, हे खरं. प्रोजेक्ट संपला की बाबाच्या एच-वन-बीसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या कामाच्या व्हिसासाठी, नवी कंपनी शोधायची आणि ती म्हणेल तिथे निघायचं. त्यात दुधाचा काय दोष? कोलंबसला तर स्मोक अलार्म वाजला. बाबा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय आणि तू टाळ्या पिटतेयस. तुला तो खेळ वाटला होता.

पण हे सगळं तुझ्या आजीचं आहे. आजोबा रेल्वेत. तेव्हा इटारसी, झाशी सगळं मध्य रेल्वेतच यायचं (वेगळे झोन २००३ मध्ये झाले), त्यामुळे बदली झाली की भाषासुद्धा बदलायची. दहावीपर्यंत माझी सात क्वार्टर्स झाली. बदलीचा कागद आला की दोन दिवस घरात कोणी धड बोलायचं नाही. मग चहाच्या लाकडी पेट्या यायच्या, पत्र्याच्या कडा असलेल्या. आजी पितळी डब्यांमध्ये आमचे कपडे कोंबायची, डब्यांना पोचे येऊ नयेत म्हणून. देवांचा डबा मात्र सामानात जायचा नाही. तो तिच्या मांडीवर, अख्खा प्रवास.

क्वार्टर उघडलं की पहिला वास चुन्याचा. खाली आधीच्या माणसांचा काहीतरी: फिनेल, राईचं तेल, एकदा तर नुसता मांजराचा. भिंतीवर कुणाच्या तरी मुलांनी पेन्सिलीने उंची मोजलेली. आजी पेट्या सोडायच्या आधी शेगडी पेटवायची आणि कल्हईचं पितळी पातेलं चढवायची. तेच, जे तू "डगमगणारं" म्हणतेस. त्याचं बूड गोल आहे, शेगडीत चपखल बसायचं. तुमच्या सपाट काचेवर ते कलतं, म्हणून दूध नेहमी एकाच बाजूने उतू जातं.

आता तुझ्या बाजूचा पुरावाही मीच देते. इटारसीला दूध नासलं. आजीचा चेहरा पडला. साखर घालून तिने ते आटवलं, आम्ही चाटूनपुसून खाल्लं. आणि इटारसीलाच आम्ही सगळ्यांत जास्त राहिलो, चार वर्षं. माझी पहिली मैत्रीण तिथली. झाशीला दूध अगदी पूर्वेला उतू गेलं, आजी खूश. अकरा महिन्यांत बदली! पुन्हा भुसावळ. तिथे वर्गात मी तोंड उघडलं की मुली म्हणायच्या, "हिंदीवाली आली." झाशीत मी "बंबईवाली" होते, मुंबई तोवर पाहिलीसुद्धा नव्हती.

झाशीत मी फार रडायचे. आजोबा एकदा किल्ल्यावर घेऊन गेले. म्हणाले, "राणी कुठली, माहितेय? मणिकर्णिका तांबे. जन्म काशीचा, वाढली बिठूरला, १८४२ साली लग्न होऊन इथे आली. तिचीसुद्धा बदलीच झाली होती." मला त्या वेळी अजिबात हसू आलं नाही. प्लेनो सोडताना तू रडलीस तेव्हा मी हेच तुला सांगितलं, आणि तूही हसली नाहीस. आपल्या घरातले विनोद असेच वाया जातात.

मी आजीला एकदा विचारलं होतं, तुझ्याच वयाची असताना, तुझ्याइतक्याच आगाऊपणे. तिने शुभ-अशुभ काही काढलं नाही. म्हणाली, "अगं, करपलेल्या दुधाचा वास आला की कळतं, घरात माणसं राहायला आली. नाहीतर सरकारी खोली ती." डे मॉइनच्या अपार्टमेंटला नव्या कार्पेटचा आणि रंगाचा वास होता. बाहेर बर्फ, ओळखीचं कुणी नाही, तुला ताप. मी पातेलं चढवलं ते श्रद्धेने चढवलं असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. मला तो वास हवा होता.

आणि एक. निवृत्त झाल्यावर आजोबांनी नाशिकला घर बांधलं, कारण काय तर हवा बरी. तोवर माझं लग्न ठरलं होतं. माझं माहेर म्हणजे ज्या घरात मी कधी राहिलेच नाही ते घर. लोक "तुमचं गाव कोणतं?" विचारतात तेव्हा मी नाशिक म्हणते आणि पटकन विषय बदलते. तू काय सांगतेस, हे मी कधी विचारलंच नाही तुला. ऑगस्टमध्ये हॉस्टेलला गेलीस की तिथे सगळे पहिल्यांदा तेच विचारतील.

हॉस्टेलच्या खोलीत दूध उतू घालव असं मी म्हणत नाहीये. तिथे मायक्रोवेव्ह आहे आणि अलार्म आपल्या कोलंबसच्यापेक्षा कडक असेल. खरंच म्हणत नाहीये.

आजी-आजोबांना भेटायला मामा मे महिन्यात नाशिकला जातोय. पातेल्याची कल्हई गेली आहे, इथे करणारं कुणी नाही, म्हणून ते त्याच्या बॅगेतून पाठवतेय. आजी भांडी बाजारातून करून घेईल. परत आल्यावर ते कुठे ठेवायचं, एवढं फक्त सांग. माझ्या वरच्या कपाटात जागा आहे.

स्टोव्हचा डाग घासायची पट्टी तू कुठे ठेवलीस? सापडत नाहीये.

तुझी,
आई