ऐन पाणीटंचाईत आमच्या नगरसेविका सहकुटुंब बोटिंगला गेल्या. नगरसेवकांना अशी सुट्टी घेता येते का? तक्रार कुठे करायची?

प्रश्न वाचला आणि पोटात ढवळलं. कारण ‘बोटिंगला गेलेली नगरसेविका’ एकेकाळी मीच होते. तुमच्या गावची नव्हे, पण गोष्ट तीच.

आधी उत्तर देऊन टाकते. नगरसेवक पगारी नोकर नसतो, त्यामुळे दोन दिवसांसाठी रजेचा अर्ज वगैरे काही नसतो. सभेचा भत्ता मिळतो, त्यात महिन्याचं पेट्रोलही निघत नाही. पाणी सोडायचं काम मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पाणीपुरवठा विभागाचं. तक्रार तिकडे. आता माझं ऐका.

नोव्हेंबर 2016 ला मी निवडून आले. सातारा जिल्ह्यातली ‘क’ वर्ग नगरपरिषद, प्रभागात दोन जागा, त्यातली एक महिला राखीव. पुढच्या मे महिन्यात आमच्या ह्यांनी दोन दिवसांचं ठरवलं. कासवरून बामणोली, तिथून बोटीने कोयनेचा शिवसागर, मुक्काम तापोळ्याला. सासूबाई, दीर-जाऊ, त्यांची दोन, माझी दोन आणि आम्ही. शनिवारी पहाटे निघायचं.

शुक्रवारचा पहिला फोन पावणेसहाला. “ताई, नळ कोरडा.” रात्री जॅकवेलची, म्हणजे गावासाठी पाणी उपसतात त्या विहिरीची, लाईट तीन तास गेली होती, टाकी निम्मीच भरलेली. आमच्याकडे तेव्हा दिवसाआड पाणी यायचं, एक पाळी चुकली की चार दिवस बोंब. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मामांना घरून उठवून आणलं, खालच्या आळीचं पाणी थोडं दाबलं, तेव्हा कुठे वरच्या आळीला करंगळीएवढी धार लागली. तीही मधल्या एका घरापर्यंतच. पुढच्या सात घरांत थेंब नाही. मी गटाराच्या कडेला उभी, आणि त्या मधल्या घरातून घुर्रर्र आवाज. नळाला थेट मोटर!

मामा म्हणाले, “ताई, आख्ख्या आळीला म्हायतीय. बोलायचं कुणी?”

घरमालक म्हणजे निवडणुकीत माझ्यासाठी दारोदार फिरलेला माणूस. नियमाने मोटर जप्त करून नळ तोडायला हवा होता. त्याने हात जोडले. रविवारी मुलीचं लग्न, घरात पाहुणे, एवढी एक वेळ सांभाळून घ्या. मी सांभाळून घेतलं. माझं चुकलं ते हे. बोटिंग नव्हे.

अकराला सर्वसाधारण सभा. विषयपत्रिकेत पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईची निविदा, आणि यादीत माझ्या प्रभागातला ओढाच नाही. मी उठून विचारलं, तर एक जुने सदस्य हसत म्हणाले, “ताई, पुढच्या वेळी साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” साहेब म्हणजे आमचे हे. हायस्कुलात गणित शिकवतात, नगरपरिषदेची पायरी घरपट्टी भरायलाच चढतात. ओढ्याचं नाव इतिवृत्तात येईपर्यंत मी बसले नाही. त्या एका विषयात पावणेदोन तास गेले.

मग दोन अक्षता, एक सावडणं (क्रम उलटा होता, सकाळचं सावडणं मी संध्याकाळी घरी जाऊन भेटण्यावर भागवलं, ते त्या लोकांनी अजून मनात धरलंय), रहिवासाची चौदा पत्रं, मेलेलं कुत्रं घंटागाडीवाला उचलेना म्हणून स्वच्छता निरीक्षकांना तीन फोन, त्या सात घरांसाठी टँकर. टँकर आला साडेसहाला आणि पाइप पुरेना. घरी साडेनऊ. जाऊबाईंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवलेली, ह्यांनी बॅगा भरलेल्या. टॉवेल एकही घेतला नव्हता, पण भरल्या होत्या.

सव्वाअकराला पुन्हा फोन. मोटरवाला. “ताई, रविवारी मांडवात एक टँकर ज्यादा लागंल.” तोही लावून दिला. एक वाजता झोपले, चारला उठले.

मे महिन्यात शिवसागर बराच खाली गेलेला असतो. लाल मातीच्या उतारावरून सासूबाईंना दोघांनी धरून बोटीपर्यंत नेलं. दत्तमंदिराजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी एकत्र येतात तिथे नाववाल्याने इंजिन बंद केलं. त्याचं जुनं गाव आमच्या पायाखाली, पाण्यात. आताच्या घरी प्यायचं पाणी झऱ्यावरून डोक्यावर आणावं लागतं म्हणाला. 105 टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, त्याचं बहुतेक पाणी वीज करून वाशिष्ठीला जातं, आणि ह्याच्या बायकोच्या डोक्यावर हंडा. आदल्या दिवसाचा टँकर डोळ्यांपुढे आला. मी गप्प बसले.

बोटीत फोनला रेंज नव्हती. संध्याकाळी तापोळ्यात रेंज आली तर 43 मिस्ड कॉल. माझ्या मुलाने दुपारी मध्ये कुठेतरी रेंज मिळाल्यावर स्टेटसला फोटो ठेवला होता, मी लाइफ जॅकेटमध्ये, हात पाण्यात. तो उचलून कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलेला. खाली ओळ, ‘गाव तहानलेलं, ताई पाण्यात.’ टाकणारा कोण? तोच. मोटरवाला. त्याच्या मांडवातला टँकर मी लावलेला!

जाऊबाईंचं आजही म्हणणं आहे की फोटो ठेवायलाच नको होता, लोकांच्या डोळ्यांवर येतं. मला पटत नाही. लपून गेले असते तर चोरी केल्यासारखं झालं असतं. मी गावचं पाणी घेऊन नव्हते गेले.

सोमवारी सकाळी मी त्याची मोटर काढायला लावली. लोक म्हणाले, सूड घेतला. घेतला. शुक्रवारीच घ्यायला हवा होता.

म्हणून तुम्हाला सांगते, तक्रार लिहायच्या आधी पाण्याच्या वेळेला गल्लीतून एक चक्कर मारा, कान देऊन. किती घरांतून घुर्रर्र येतंय ते मोजा आणि तो आकडा अर्जात लिहा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही, हे मी आतून बघितलंय. पंधरवड्यात हललं नाही तर ‘आपले सरकार’ या राज्य सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाका.

आता हेही खरं की सगळ्याच नगरसेविका धावपळ करून जातात असं नाही. तुमच्या बाई आठवडाभर फोन बंद करून गेल्या असतील आणि मागे कुणाला सांगूनही गेल्या नसतील, तर तुमचा राग बरोबर आहे. महापालिकेतलं मला माहीत नाही, तिथली तऱ्हा वेगळी.

आणि तापोळ्याला जायचं असेल तर मे नको, दिवाळीनंतर जा. जलाशय भरलेला असतो, म्हाताऱ्या माणसांना उतार उतरावा लागत नाही. टॉवेल स्वतः भरा.