आधी आकडा, मग यादी: नाताळच्या भेटींबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकराचा. यंदा हात आखडता घ्यायचा असं दर नाताळला ठरवतो आणि जानेवारीत बिल पाहून धास्तावतो. एका मुलामागे किती खर्च करावा, याचा काही ठोकताळा आहे का?

उत्तर : सगळ्या घरांना लागू पडेल असा आकडा नाही, आणि ओळखीच्या घरात किती खर्च होतो हे कळून तुमचं काही भलं होणार नाही. तुमच्या घराचा आकडा मात्र अर्ध्या तासात निघतो.

महिन्याला हातात येणारी रक्कम लिहा. तिच्यातून घरभाडं किंवा घराच्या कर्जाचा हप्ता, किराणा, वीज-पाणी, फी, प्रवास, विमा, चालू कर्जांचे हप्ते आणि दरमहा बाजूला टाकायची बचत वजा करा. बचतीची ओळ बहुतेक जण गाळतात. मग नाताळचा खर्च त्या बचतीतूनच होतो आणि कळतही नाही. सगळं वजा करून जे उरेल त्याचा एक तृतीयांश भाग सणासाठी धरा. नाताळपर्यंत तीन पगार यायचे असतील तर तीन तृतीयांश, म्हणजे एका महिन्याची पूर्ण शिल्लक हाताशी येईल. एक तृतीयांश हे प्रमाण आमच्या अनुभवातलं आहे. याहून जास्त काढलं तर अचानक आलेल्या आजारपणाला किंवा दुरुस्तीला काही उरत नाही.

ही रक्कम अख्ख्या सणाची आहे, केवळ मुलांच्या भेटींची नाही. ती १०० भाग धरली आणि प्रवास, जेवणावळ, सजावट, नातेवाईक, शिक्षक, मुलांच्या मित्रमैत्रिणींच्या भेटी यांत ४५ भाग गेले, तर ५५ उरतात. त्यांतले ५ भाग खेळण्यांत घालायचे बॅटरीचे सेल, वेष्टनाचा कागद, घरपोच पाठवणावळ अशा किरकोळ खर्चासाठी हातचे ठेवा. राहिले ५०, म्हणजे प्रत्येक मुलाला २५. हा आकडा ठरल्यावरच मुलांच्या याद्या उघडायच्या. उलट क्रमाने गेलात तर यादीतली प्रत्येक वस्तू ‘एवढीशीच तर आहे’ असं वाटून घेतली जाते आणि बेरीज शेवटी समोर येते.

खर्च हाताबाहेर जातो तो मोठ्या वस्तूने क्वचितच. आधी घेऊन कपाटात दडवलेल्या भेटी विसरल्या जातात आणि शेवटच्या आठवड्यात दोघांचे ढीग सारखे दिसावेत म्हणून ‘आणखी एक’ घेतलं जातं. एका वहीत वस्तू, रक्कम, कोणासाठी आणि कुठे ठेवली हे चार रकाने आखा. खरेदी झाल्याच्या दिवशीच नोंद करा आणि प्रत्येक नोंदीपुढे शिल्लक लिहा. पुढच्या वर्षासाठी जानेवारीपासून बारा समान भाग वेगळ्या खात्यात टाकलेत तर डिसेंबरवर ताण येणार नाही. ही रीत जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ मध्ये खास नाताळसाठी अशी बचत खाती सुरू केली होती.

प्रश्न : थोडं कार्डावर घेतलं आणि नंतर फेडलं, तर इतकं काय बिघडतं?

उत्तर : पुढचं बिल पूर्ण भरणार असाल तर काही बिघडत नाही. थकबाकी पुढे ढकललीत तर मात्र हिशेब करून पाहा. १०० भाग उधारी, व्याज दरमहा ३ टक्के आणि दरमहा १० भाग फेड धरली, तर कर्ज संपायला बारा महिन्यांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि एकूण सुमारे १२१ भाग जातात. म्हणजे पुढचा नाताळ उजाडला तरी या नाताळचं देणं फिटलेलं नसेल. दरमहा ५ भागच भरलेत तर ३१ महिने लागतात आणि सुमारे १५५ भाग मोजावे लागतात. व्याजाचा दर तुमच्या बिलावर छापलेला असतो, तो घालून हेच गणित करा. ‘बिनव्याजी हप्ते’ घेताना प्रक्रिया शुल्क आणि हप्ता चुकल्यावरचा दंड आधी वाचा. तीन ठिकाणी तीन छोटे हप्ते चालू असले की एखादी तारीख हमखास निसटते.

प्रश्न : धाकटी चार वर्षांची, थोरला तेराचा. त्याच्या वस्तू महाग, तिच्या स्वस्त. दोघांवर सारखाच खर्च करायला हवा का?

उत्तर : चार वर्षांच्या मुलीला किंमत कळत नाही, खोकी मोजता येतात. तेव्हा दोघांच्या खोक्यांची संख्या सारखी ठेवा, रक्कम वेगळी असू द्या. थोरल्याची एक महाग भेट असेल तर तिच्या जोडीला पुस्तक, मोजे, रंग अशा छोट्या वस्तू घालून संख्या जुळवता येते. न्याय एका वर्षात मोजायचा नसतो. धाकटी तेराची झाली की तिच्याही वाट्याला तेवढीच मोठी भेट येईल, हे थोरल्याला स्पष्ट सांगा आणि वहीत लिहून ठेवा. दोन्ही मुलं आठ-नऊ वर्षांच्या पुढे गेली की रकमाही जवळपास सारख्या हव्यात, कारण तोवर त्यांना किंमत कळू लागते.

प्रश्न : मुलाने सांताक्लॉजला पत्र लिहून गेमिंग कन्सोल मागितला आहे. वर्गात बऱ्याच जणांकडे आहे. आमच्या ठरलेल्या रकमेत तो जेमतेम बसतो.

उत्तर : जेमतेम बसतो म्हणजे बसत नाही. कन्सोलमागे दुसरा कंट्रोलर, खेळ, ऑनलाइन खेळण्याची वर्गणी, कधी जास्तीची साठवण असा खर्च येतो. सायकलीमागे हेल्मेट, कुलूप, पंप येतात. छोट्या कॅमेऱ्यालाही मेमरी कार्ड लागतं. म्हणून मुख्य वस्तू मुलाच्या वाट्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत असावी आणि उरलेल्यात वर्षभराचा जोडखर्च भागावा. तसं होत नसेल तर वापरलेला कन्सोल पाहा किंवा आजी-आजोबा, मामा, आत्या यांच्याकडून मिळून एकच भेट असं ठरवा.

घ्यायचं ठरलं तर मोठी भेट आईबाबांच्या नावाने द्या आणि सांताक्लॉजच्या नावाने लहानशी. सांताने एकाला कन्सोल आणि दुसऱ्याला रंगपेटी का दिली, हा प्रश्न वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाला खूप दुखावतो. घ्यायचं नसेल तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच सांगा: “यंदा कन्सोल येणार नाही. बाकीच्यांतलं तुला सगळ्यांत जास्त काय हवंय?” खोकं उघडताना झालेली निराशा सणाच्या दिवशीच अंगावर येते, आधी सांगितलं तर मुलाला तीन आठवडे मिळतात. ‘बघू’ हे उत्तर देऊ नका, मूल त्याचा अर्थ ‘हो’ असाच लावतं.

प्रश्न : आम्ही मोजून घेतो, पण दोन्हीकडचे आजी-आजोबा खेळण्यांचा पाऊस पाडतात. नात दोन वर्षांची आहे. त्यांना कसं सांगावं?

उत्तर : प्रेमाने आणि नोव्हेंबरमध्येच, खरेदी होण्याआधी. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांना सांगा. खोलीत १६ खेळणी असताना जेवढा वेळ मुलं एका खेळण्याशी रमली, त्याहून जास्त वेळ ती फक्त ४ खेळणी असताना रमली, शिवाय एकाच खेळण्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. पाहणीत मुलं ३६ च होती, पण ती तुमच्या लेकीच्याच वयाची होती.

नुसतं ‘नको’ म्हणण्यापेक्षा नेमकं काय हवं ते सांगा: अमुक मापाचे बूट, पोहण्याच्या वर्गाची फी, ठोकळ्यांचा एक संच. अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. मिळालेल्या भेटींचं मोल त्या विद्यार्थ्यांना खऱ्या किमतीपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशाने कमी वाटलं होतं, आणि ही तूट आजी-आजोबा, काका-मावशी यांच्या भेटींत अधिक होती. त्यांना सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? जास्तीची खेळणी आली तर निम्मी उचलून ठेवा आणि दोन महिन्यांनी काढा.

प्रश्न : यंदा नोकरी गेली आहे. जुनी खेळणी घेतली तर चालतील का? मूल अडीच वर्षांचं आहे.

उत्तर : नक्की चालतील, या वयात नव्या-जुन्यातला फरक मुलाला दिसत नाही. तपासणी मात्र कसून करा. सेलच्या कप्प्याचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना ते पाहा. बटणाएवढा चपटा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते, म्हणून असा सेल असलेलं खेळणं या वयाला घेऊच नका. सुटे चुंबकही नकोत. कागदी रुमालाच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यातून जो भाग आरपार जातो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं, बटणं ओढून पाहा. रंगाचे पोपडे निघत असतील तर ते खेळणं परत ठेवा. प्लॅस्टिक साबणाच्या पाण्याने धुवा, कापडी खेळणं गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. लाकडी खेळणं ओल्या फडक्याने पुसावं, भिजवलं तर ते फुगतं आणि सांधे सुटतात.