पॅट मॅकॉर्मिक यांच्यासारखं वस्तीतल्या मुलांसाठी डायव्हिंग सुरू करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

आधी एक गोष्ट. अमेरिकन डायव्हर मॅकॉर्मिक यांनी वंचित मुलांसाठी काढलेल्या 'पॅट्स चॅम्प्स' या संस्थेचा भर डायव्हिंगवर नव्हता. मुलांनी मोठं स्वप्न बघावं आणि तिथवर जायची व्यवहार्य वाट शोधावी, हे तिचं काम. मॅकॉर्मिक यांना हे सांगायचा पूर्ण अधिकार होता. 1948 ला अमेरिकेच्या ऑलिंपिक संघातली त्यांची जागा एका गुणाहूनही कमी फरकाने हुकली. पुढे 1952 ला हेलसिंकीत आणि 1956 ला मेलबर्नला स्प्रिंगबोर्ड (लवचिक फळी), प्लॅटफॉर्म (उंच, न हलणारा मंच) दोन्हींची सुवर्णं त्यांनीच जिंकली. मेलबर्नच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला होता.

तुम्हाला डायव्हिंगच शिकवायचं असेल, तर पहिल्यांदा तलावाची खोली मोजा. 1 मीटरच्या बोर्डाखाली साडेतीन मीटर पाणी हवं, 3 मीटरच्या बोर्डाखाली जवळपास पावणेचार. नुसत्या काठावरून शिकवणार असलात तरी खोल टोकालाच शिकवा. उथळ पाण्यात डोक्यावर उडी म्हणजे मानेचा मणका जायची भीती, तिथे तडजोड करूच नका.

ज्याला न थांबता 25 मीटर पोहता येतं आणि खोल पाण्यात उभ्याने तरंगता येतं, त्यालाच घ्या. विहिरीत मुटके मारणारी पोरं धीट असतात, पण त्यांना सूर नव्याने शिकवावा लागतो. आधी काठावर बसून, मग एका गुडघ्यावर, मग उभं राहून. दंड कानांना घट्ट, कोपरं ताठ, एका तळव्याने दुसरा हात धरलेला, तळवे पाण्याकडे सपाट. पोट आपटतं ते बहुतेकदा पाणी बघायला मूल ऐन वेळी मान वर करतं म्हणून. हात सुटले की मार थेट डोक्याला बसतो; 10 मीटरवरून पाण्यावर आदळताना वेग ताशी 50 किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून ही पकड पहिल्या दिवसापासून पक्की हवी. हे सगळं आधी जमिनीवर, गादीवर रोज 15-20 मिनिटं करून घ्या.

मुलं गळतात ती मात्र वेगळ्याच कारणांनी. डायव्हिंगमध्ये पोहण्यापेक्षा रांगेत ओलं उभं राहणंच जास्त, आणि अंगावर मांस नसलेली मुलं लगेच कुडकुडतात. कुडकुडणारं मूल अंग आखडतं, उडी बिघडते, मग ते घाबरतं. सुरुवातीला पाण्यात अर्धा तासच ठेवा. प्रत्येकाला स्वतःचा कोरडा टॉवेल, सरावानंतर केळं किंवा चणे-गूळ, आणि येण्याजाण्याचं भाडं, एवढा खर्च बोर्डाच्याही आधी धरा.