ब्लोअरच्या आवाजावर ७,८०० डॉलरचा उतारा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरातली गॅस फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र) नऊ वर्षांची आहे, तिचा ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंखा व्हेरिएबल स्पीडचा, आणि त्याच डक्टवर (हवेच्या नळांवर) तीन टनांचा एसी. मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी असल्यामुळे गेल्या हिवाळ्यापासून १६ बाय २५, एक इंच जाडीचा मर्व्ह १३ फिल्टर (मर्व्हचा आकडा मोठा तितकी बारीक धूळ अडते) लावतो. तेव्हापासून ब्लोअर घोंघावतो, फिल्टर जुना झाला की जास्तच. एक कंत्राटदार म्हणतो मशीन संपत आलंय, ७,८०० डॉलरमध्ये नवी फर्नेस घ्या, २४ महिने बिनव्याजी. दुसऱ्याने ६५० डॉलरमध्ये चार इंची फिल्टरचा कॅबिनेट, म्हणजे तो बसवायची पेटी, सुचवलाय. हाताशी बचत १४,००० डॉलर, महिन्याचा खर्च ५,२००. मी एच-१बीवर आहे, घरात कमावणारा मी एकटाच. काय करावं?

उत्तर : ७,८०० च्या कागदावर सही करू नका. ६५० चा कॅबिनेटही आजच नको. आधी सात-आठ डॉलरचा मर्व्ह ८ चा फिल्टर आणा.

तुमच्या प्रश्नातले सगळ्यात कामाचे शब्द म्हणजे ‘फिल्टर जुना झाला की जास्तच’. व्हेरिएबल स्पीडच्या मोटरला ठरलेली हवा पुढे ढकलायचीच असते. वाटेत अडथळा आला की ती फेरे वाढवते. फेरे वाढले की आवाज वाढतो आणि वीजही जास्त लागते. जुन्या पद्धतीच्या साध्या मोटरचं उलट असतं. तिथे फिल्टर तुंबला की हवा मंदावते आणि आवाज फारसा चढत नाही. म्हणजे तुमची मोटर बिघडलेली नसून नको इतकी इमानदारीने राबत असण्याची शक्यता जास्त.

आता आकडे पाहा. एसीला टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते, म्हणजे तीन टनांना १,२००. तुमच्या फिल्टरचं तोंड १६ बाय २५ इंच, म्हणजे पावणेतीन चौरस फुटांच्या आसपास. हवा त्यातून मिनिटाला सुमारे ४३० फूट वेगाने जाते. एक इंची फिल्टरला ३०० च्या आत वेग असलेला बरा. त्यात मर्व्ह १३ ची वीण बारीक आणि एका इंचात घड्या कमी बसतात. चार इंची फिल्टरचं तोंड तेवढंच असलं तरी घड्या खोल असल्यामुळे आत कागद कितीतरी जास्त मावतो आणि हवा सावकाश जाते.

हे घरीच तपासता येतं. फर्नेसचा स्विच बंद करा, फिल्टर काढा, खाचेचं झाकण पुन्हा लावा. स्विच चालू करून थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑन’ करा आणि दोन-तीन मिनिटं ऐका. त्याहून जास्त वेळ नको, नाहीतर धूळ थेट एसीच्या कॉइलवर जाऊन बसते. घोंघावणं एकदम उतरलं तर दोष फिल्टरचा. तेवढंच राहिलं तर रिटर्नची, म्हणजे घरातली हवा फर्नेसकडे परत आणणारी, डक्टच अपुरी असेल, किंवा ब्लोअरच्या चाकाच्या पात्यांवर धूळ साचून तोल गेला असेल. घासल्यासारखा किंवा किरकिर आवाज असेल तर बेअरिंगकडे बघायला हवं. शिट्टीसारखा असेल तर फिल्टरच्या कडेने फट आहे किंवा खाचेचं झाकण नीट बसत नाही. त्याला डक्टची फॉइल टेप पुरते. वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट ‘गॅस वाचेल’ म्हणून बंद केले असतील तर तेही उघडा. त्याने गॅस फारसा वाचत नाही, दाब मात्र वाढतो.

मग मर्व्ह ८ लावून, बाण ब्लोअरच्या दिशेला ठेवून, महिनाभर चालवा. तरीही आवाज राहिला तर तंत्रज्ञाला बोलवा, पण ‘फर्नेस बघा’ असं मोघम सांगू नका. ‘टोटल एक्स्टर्नल स्टॅटिक प्रेशर मोजा आणि आकडे बिलावर लिहून द्या’ असं सांगा. हवा ढकलताना ब्लोअरला किती दाबाशी झगडावं लागतं, ते यातून कळतं. दोन ठिकाणी भोक पाडून मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावतात : एक फिल्टर आणि ब्लोअरच्या मध्ये, दुसरं फर्नेसच्या वर पण कॉइलच्या आधी. उणे-अधिक चिन्ह सोडून दोन्ही आकड्यांची बेरीज करायची. बहुतेक घरगुती फर्नेसच्या पाटीवर कमाल ०.५ इंच पाणी (हे दाबाचं माप) असं लिहिलेलं असतं. बेरीज ०.८ आली आणि एकट्या फिल्टरवरच ०.३ पडत असेल, तर कॅबिनेटला पैसे घालण्यात अर्थ आहे. फिल्टरवर ०.१ आणि बाकी रिटर्नमध्ये असेल, तर कॅबिनेट घेऊनही फरक जेमतेम पडेल. तिथे जास्तीचा रिटर्न हवा. हे न मोजता फर्नेस बदला म्हणणाऱ्याचं मला नवल वाटतं. नवी फर्नेसही याच डक्टला, याच फिल्टरला जोडली जाणार आणि तितकीच घोंघावणार.

कॅबिनेटचा हिशेब प्रामाणिकपणे मांडू. समजा एक इंची मर्व्ह १३ तुम्हाला १८ डॉलरला पडतो आणि वर्षाला सहा लागतात, तर १०८ डॉलर. चार इंची ४२ डॉलरचा, वर्षाला दोन, म्हणजे ८४. बचत २४ डॉलर. मोटर १५० वॉट कमी ओढते आणि वर्षाला १,५०० तास चालते असं धरलं, तर २० सेंट दराने ४५ डॉलर सुटतील. एकूण ६९. म्हणजे ६५० वसूल व्हायला नऊ वर्षांहून जास्त, आणि तुमची फर्नेसच नऊ वर्षांची आहे. हा खर्च ‘पैसे वाचतात’ म्हणून करू नका. शांतता हवी, मर्व्ह १३ सोडायचा नाही आणि मोटरवरचा ताण कमी करायचा, म्हणून करा. ही कारणंही चांगलीच आहेत.

मुलाच्या अ‍ॅलर्जीसाठी स्वस्त वाट वेगळी आहे. फर्नेसचा फिल्टर ब्लोअर चालू असेल तेवढाच वेळ हवा गाळतो. मुलाच्या खोलीत दीडशे-दोनशे डॉलरचा हेपा (अगदी बारीक कण अडवणारा) प्युरिफायर रात्रभर चालवला आणि फर्नेसला मर्व्ह ८ ठेवला, तर मूल झोपतं तिथली हवा जास्त स्वच्छ राहील. एफएसए (नोकरीतून मिळणारं आरोग्यखर्चाचं करमुक्त खातं) असेल तर डॉक्टरांच्या पत्रावर प्युरिफायरचा खर्च त्यातून घेता येतो का, हे खरेदीआधी विचारून घ्या.

आता ७,८००. रोख दिले तर हातात ६,२०० उरतात, म्हणजे सव्वा महिन्याचीही सोय नाही. एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात आणि तेवढ्या दिवसांचा खर्चच १०,४०० होतो. तुमचे १४,००० आधीच तोकडे आहेत. त्यांना हात लावायचा तर कारण आवाजापेक्षा मोठं हवं. हप्ता घेतला तर महिन्याला ३२५. कागदावर खरोखर शून्य टक्के आहे की ‘डिफर्ड इंटरेस्ट’, हे पाहा. दुसऱ्या प्रकारात २४ व्या महिन्याअखेर थोडी जरी रक्कम बाकी राहिली, तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं. शिवाय रोखीचा भाव वेगळा मागा. बिनव्याजी योजनेचा खर्च बऱ्याचदा किमतीतच मुरवलेला असतो. ‘सरकारी सूट मिळेल’ असं कोणी सांगत असेल तर ती संपली : पात्र गॅस फर्नेसवरची ३० टक्क्यांची, कमाल ६०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना नाही.

हीट एक्स्चेंजरला (जळत्या गॅसचा धूर घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणाऱ्या भागाला) तडा गेल्याचं कोणी फोटोसह दाखवलं, तर मात्र वाट पाहू नका. तो कार्बन मोनॉक्साइडचा मामला आहे. फर्नेस बंद करा, दुसऱ्याकडून लगेच खात्री करून घ्या आणि तेव्हा हप्ताही चालेल. मोटरच गेली, तर बिल भरण्याआधी अनुक्रमांक टाकून वॉरंटी तपासा. बऱ्याच कंपन्या वेळेत नोंदणी केलेल्या फर्नेसच्या सुट्या भागांना दहा वर्षं देतात, नोंदणी नसेल तर पाच. तुमच्या फर्नेसला नऊ वर्षं झालीत, म्हणून हे या आठवड्यातच बघा. मजुरी सहसा त्यात येत नाही.

आणि घरी आलेल्या विक्रेत्यापुढे सही आधीच झाली असेल, तर दुरुस्तीला बोलावलेल्या माणसाने दुरुस्तीपलीकडचं जे विकलं, ते एफटीसीच्या (केंद्रीय व्यापार आयोगाच्या) नियमानुसार सामान्यतः तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी रद्द करता येतं. तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत टपाल शिक्क्यासह पत्र टाका आणि पोचपावती जपून ठेवा.