तुझी पट्टी त्याला सांग

बाळ,

तुझा निरोप तीनदा ऐकला. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात, उपासनेत गाणाऱ्या मुलीने लोकगीतं गाणाऱ्या पोराबरोबर प्रेमाचं गाणं काढू नये. तो पोरगा म्हणतो, आवाज जरा वर चढव, ठसका आण. तू विचारतेस, गाऊ की नको? या सगळ्यात तुझी पट्टी कोणती, म्हणजे तुझा ‘सा’ पेटीच्या कोणत्या स्वरावर आरामात बसतो, हे एकानेही विचारलेलं नाही. तूसुद्धा नाही. त्याचाच मला राग आला.

1995 साली माझ्या हाती एक कॅसेट आली. एमी ग्रँटचा ‘हाउस ऑफ लव्ह’ हा अल्बम, आदल्या वर्षी निघालेला. त्याच नावाचं गाणं ती व्हिन्स गिलबरोबर गाते. ती ख्रिस्ती गाण्यांची सगळ्यात मोठी गायिका, तो कंट्री संगीतातला, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या वळणाच्या गाण्यांतला, पहिल्या रांगेतला गायक. 1993 आणि 1994, लागोपाठ दोन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोच्च सन्मान त्याला मिळाला होता, आणि तो दुसऱ्याच्या अल्बमवर ‘सोबत’ म्हणून गायला. भजन नव्हे, साधं पॉप गाणं. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते 37व्या क्रमांकापर्यंत गेलं. तिची याहून कितीतरी मोठी गाणी आहेत. मला मात्र हेच लागलं, कारण त्यात मला माझा आवाज ऐकू आला.

एमीचा आवाज बाईच्या मानाने खालचा, उबदार, छातीतून येणारा. व्हिन्सचा पुरुषाच्या मानाने उंच आणि पातळ. म्हणून दोघं आपापल्या जागी उभे राहिले तरी शेजारीशेजारी येतात. तिला टाचा उंचवाव्या लागत नाहीत, त्याला वाकावं लागत नाही. पुन्हा पुन्हा ऐक. तिने त्याच्यासारखा कंट्रीचा हेल काढलेला नाही, त्यानेही तिच्यासारखा सूर धरलेला नाही. पट्टी खरी असली की जोड आपोआप बसते, हे मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी एका कॅसेटवरून शिकले. फार उशिरा.

कारण तोवर माझा गळा गेला होता. माझी पट्टी पांढरी तीन, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी, बाईच्या मानाने खालची. आमच्या गायकवृंदाच्या संचालकांना सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या बायका, कमी पडत होत्या, आणि माझा खालचा आवाज त्यांना ‘पुरुषी’ वाटायचा. अकरा वर्षं मी वर गायले. नाताळच्या गाण्यांत मान ताणून, दात आवळून. शेवटी स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि डॉक्टरांनी चार महिने बोलणंही बंद केलं. देवासाठी गातेय, मग सोसलं पाहिजे, असं मी स्वतःला सांगत राहिले. देवाने मला पांढरी तीन दिली होती. त्याहून बरीच वरची काळी पाच त्या गृहस्थांनी मागितली.

मंडळीच्या भीतीबद्दल थोडं. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातलं राइमन सभागृह 1892 साली उघडलं ते सुवार्तेच्या सभांसाठी. पुढे 1943 ते 1974 तिथेच ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा कार्यक्रम व्हायचा. श्रोते बसायचे ते चर्चच्याच बाकांवर. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्र ओवीत लिहायला घेतलं, तेव्हा ओवी कोणाची म्हणून विचारत बसले नाहीत. चाल कुठून आली याने कोणी बाटत नाही.

कोणीतरी तुला पुढचंही ऐकवेल: एमीचा 1999 मध्ये घटस्फोट झाला, 2000 मध्ये तिने व्हिन्सशी लग्न केलं, काही ख्रिस्ती रेडिओ केंद्रांनी तिची गाणी थांबवली. खरं आहे. त्यात माणसं दुखावली असतील, मी त्यावर निवाडा देणार नाही. पण तो दोष द्वंद्वगीताच्या माथी मारू नकोस आणि कोणाला मारू देऊ नकोस. तू गाणं करायला निघालीस, सोयरीक करायला नाही.

आता माझं एक सांगते. तुझ्या आईलाही नीट माहीत नाही. 1996 साली एका शाहिराने मला त्याच्याबरोबर गायला बोलावलं होतं. त्याची पट्टी काळी चार, माझ्याहून वरची. गळा नुकता बरा झालेला. मी नाही म्हटलं आणि उठून आले. लोक म्हणाले, मंडळीला घाबरली. साफ खोटं! मी गळ्यासाठी नाही म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. पुन्हा वर चढले असते तर आज तुला चार ओळी म्हणून दाखवायलाही आवाज उरला नसता. माझं बरोबर होतं.

फक्त एक. त्याला मी माझी पट्टी सांगितलीच नाही. ‘पांढरी तीनमध्ये बसवू या का’ एवढंच विचारायचं होतं. किंवा त्याची पट्टी ठेवून मी खालचा दुसरा आवाज धरला असता. आल्टो, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायका, म्हणून तेच तर आपलं काम, चर्चमध्ये दर रविवारी करतो ते. त्या माणसाने कदाचित ऐकलं असतं. मी विचारलंच नाही, कारण माझ्या खालच्या आवाजाची मला तेव्हाही लाज वाटत होती.

तुला ती लाज वाटते, हे तुझ्या निरोपात ऐकू आलं. ‘माझा आवाज जरा जाडच आहे ना मावशी’ असं हसत म्हणालीस. पुन्हा म्हणू नकोस. जाड नाही, खालचा आहे, आणि तो पोरगा वर गातो, म्हणजे तुमची जोड बसायची शक्यता इतरांपेक्षा जास्तच आहे. ठसका त्याचा त्याला राहू दे. तू ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली गाणी म्हणतेस तशीच सरळ म्हण.

आज संध्याकाळी पेटी काढ. सकाळी नको, सकाळी गळा जड असतो. ‘सा’ शोध, खालचा पंचम सहज लागतो का बघ, वरचा ‘सा’ न ताणता येतो का बघ. जिथे दोन्ही आरामात येतील ती पट्टी कागदावर लिही. मग त्याला फोन कर आणि पहिलं वाक्य तेच बोल. तो काय म्हणाला ते मला रात्रीच कळव, कितीही वाजले तरी.

तुझी,
मावशी