विकरेजच्या बागेतलं वायकिंग सैन्य : वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये रेप्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट विस्टन चर्चला लागूनच विकरेज, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं राहतं घर, आणि त्याची बाग आहे. मार्टिन बिडल आणि बिर्थे क्योल्बी-बिडल या पुरातत्त्वज्ञ पतिपत्नींनी 1974 ते 1988 या काळात चर्चच्या आवारात आणि या बागेत उत्खनन केलं. बागेतल्या टेकाडाखाली त्यांना किमान 264 माणसांची हाडं मिळाली. 873-74च्या हिवाळ्यात इथे तळ ठोकलेल्या वायकिंगांच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या समुद्री लढवय्यांच्या, सैन्याशी ती जोडली जातात. या विषयावर वाचकांकडून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

वायकिंग सैन्य एवढ्याशा गावात, तेही चर्चपाशीच का थांबलं? ते तिथे होतं हे कशावरून ठरवलं? (नाशिक)

आज गाव लहान आहे, पण नवव्या शतकात रेप्टन हे मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्याच्या राजघराण्याचं दफनस्थान होतं. एथेलबाल्ड, विग्लाफ आणि संत मानला गेलेला विस्टन यांना तिथेच पुरलं होतं. अँग्लो-सॅक्सन बखरीत स्पष्ट नोंद आहे: 873 साली वायकिंगांचं मोठं सैन्य इंग्लंडच्या पूर्वेकडच्या लिंडसी प्रदेशातून रेप्टनला आलं, हिवाळाभर तिथे राहिलं आणि 22 वर्षं राज्य केलेल्या बर्गरेड राजाला त्यानं समुद्रापार हाकललं. बर्गरेड रोमला गेला आणि तिथेच वारला. वायकिंगांनी गादीवर आपल्या सोयीचा केओलवुल्फ बसवला.

जागेच्या निवडीत दोन हिशेब दिसतात. एक, ट्रेंट नदीचा प्रवाह तेव्हा चर्चच्या अगदी जवळून जाई, त्यामुळे नावा थेट छावणीपर्यंत आणता येत. दुसरा, राजांच्या समाधीवर ताबा मिळाला की राज्य कोणाच्या हाती आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. उत्खननात एक मोठा खंदक सापडला. तो इंग्रजी डी अक्षरासारखा वळलेला आहे, त्याची सरळ बाजू नदीची आणि चर्चची इमारत त्यात वेशीसारखी गोवलेली. खंदक जुन्या कबरींना कापत जातो. चर्चची माणसं आपल्याच लोकांच्या कबरी अशा खणणार नाहीत, त्यामुळे हा पुरावा मला हाडांसोबत मिळालेल्या नाण्यांइतकाच बोलका वाटतो.

मात्र छावणी खंदकाच्या आतच मावली असेल असं समजू नये. याच सैन्याची आदल्या हिवाळ्यातली, लिंडसीतल्या टॉर्क्सीची छावणी सुमारे 55 हेक्टरांवर पसरली होती आणि रेप्टनचा खंदक त्या मानानं फारच लहान जागा वेढतो. पुरातत्त्वज्ञ कॅट जार्मन आणि मार्क हॉर्टन यांच्या अलीकडच्या कामात बागेत खंदकाबाहेरही खडी घातलेल्या वाटा, तुटक्या शस्त्रांचे तुकडे, जहाजांचे खिळे आणि शिशाच्या सोंगट्या मिळाल्या. टॉर्क्सीलाही अशा सोंगट्या मोठ्या संख्येनं मिळाल्या आहेत.

त्या टेकाडात पूर्वी नऊ फुटी राक्षसाचा सांगाडा निघाला होता म्हणे. खरं आहे का? (सोलापूर)

हकीकत जुनी आहे. थॉमस वॉकर नावाच्या मजुरानं 1686च्या सुमारास तिथे खणताना चौरस भिंतींची खोली उघडली. मध्ये दगडी शवपेटी, तिच्यात नऊ फुटी सांगाडा आणि भोवती पेटीकडे पाय केलेले शंभर सांगाडे, असं त्यानं सांगितलं. हे त्यानं सायमन डेग यांना सांगितलं ते 1727 साली, म्हणजे चार दशकांनी.

उंची तपासायला साधं गणित आहे. मांडीच्या हाडाची सेंटिमीटरमधली लांबी गुणिले 2.38, अधिक 61.4, अशी पुरुषाच्या उंचीची एक रूढ गणती आहे. 45 सेंटिमीटरचं हाड असेल तर माणूस साधारण 168 सेंटिमीटरचा. नऊ फूट म्हणजे 274 सेंटिमीटर, आणि त्यासाठी मांडीचं हाड 89 सेंटिमीटर हवं. असं हाड तिथे मिळालेलं नाही. शरीर कुजल्यावर सांधे सुटतात आणि हाडं घसरतात, त्यामुळे पडलेल्या सांगाड्याची डोक्यापासून पायापर्यंतची लांबी खऱ्या उंचीपेक्षा जास्त भरते. त्यात चाळीस वर्षांच्या आठवणीची भर पडली. खोली आणि हाडं मात्र खरी होती. ती जमिनीत अर्धवट उतरवलेली दोन दालनांची जुनी दगडी इमारत होती आणि पूर्वेकडच्या दालनात हाडं रचलेली होती.

वॉकरच्या खणण्यानं खरं नुकसान झालं ते रचनेचं. हाडं मुळात कशी मांडली होती, मध्यभागी कोण होतं, हे आता थरांवरून वाचता येत नाही. 264 या आकड्याआधी ‘किमान’ लिहितात त्याचं कारणही समजून घ्या. सुट्या हाडांच्या ढिगात माणसं मोजायची तर शरीरात एकदाच येणारं एखादं हाड, समजा उजव्या मांडीचं, किती वेळा मिळालं ते मोजतात. ज्याचं ते हाड नष्ट झालं, तो माणूस मोजणीतून सुटतो.

नाणी 870च्या दशकातली आणि हाडं त्याहून शंभर-दोनशे वर्षं जुनी, असं पूर्वी सांगत. आता सगळी एकाच काळातली म्हणतात. प्रयोगशाळा चुकली होती का? (पुणे)

यंत्र चुकलं नव्हतं, मोजलेला आकडाही बरोबर होता. त्या आकड्याचं वर्षांत रूपांतर करताना एक गोष्ट सुटली, ती म्हणजे मृतांचा आहार.

हाडांसोबत पाच चांदीची नाणी मिळाली, 872 ते 875 या काळातली. पण 1990च्या दशकातल्या कार्बन-14 चाचण्यांत (हा किरणोत्सर्गी कार्बन जीव मेल्यावर ठरावीक गतीनं घटतो, त्यावरून वय काढतात) काही हाडांचा काळ सातव्या-आठव्या शतकात गेला. म्हणून असं मानलं गेलं की जुन्या दफनभूमीतली हाडंही या ढिगात मिसळली असावीत.

जमिनीवरची झाडं हवेतून कार्बन घेतात, त्यामुळे धान्य किंवा गुरांचं मांस खाणाऱ्याच्या हाडात त्या काळचाच कार्बन येतो. समुद्राचं खोल पाणी शेकडो वर्षं हवेच्या संपर्कात नसतं आणि तोवर त्यातला कार्बन-14 घटत राहतो. असं पाणी वर येऊन मिसळतं, म्हणून सागरी जीव जिवंतपणीच सरासरी 400 वर्षं जुने भासतात. मासे खाणाऱ्या माणसात हे जुनेपण त्याच्या आहारातल्या वाट्याप्रमाणे उतरतं.

दुरुस्ती अशी करतात. हाडाचा अर्धा ते एक ग्रॅम तुकडा घेऊन वरचा थर खरवडतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात खनिज विरघळवतात आणि उरलेलं कोलॅजेन, म्हणजे हाडातलं प्रथिन, गरम पाण्यात जिलेटिनच्या रूपात काढून गाळतात. इथे पहिली पारख असते. हाडाच्या वजनाच्या 1 टक्क्याहून कमी कोलॅजेन आलं, किंवा त्यातलं कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं गुणोत्तर 2.9 ते 3.6 या मर्यादेबाहेर गेलं, तर नमुना बाद. चांगल्या नमुन्यावर कार्बन-14 बरोबरच कार्बन-13चं प्रमाण मोजतात. ते एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत हजारी किती कमी-जास्त आहे, असं सांगतात. निव्वळ जमिनीवरच्या आहाराला ते साधारण उणे 21 आणि निव्वळ सागरी आहाराला उणे 12 येतं. समजा एखाद्याचं मोजमाप उणे 19.5 आलं. म्हणजे नऊपैकी दीड भाग, सुमारे 17 टक्के, समुद्राचा. 400 वर्षांचे 17 टक्के म्हणजे तारीख 65 ते 70 वर्षं अलीकडे आणायची. प्रत्यक्षात स्थानिक समुद्राचा फरकही धरतात. नदीतले मासे असले तर काम अवघड होतं, कारण चुनखडीतून आलेल्या पाण्यातही जुना कार्बन असतो आणि तो कार्बन-13च्या आकड्यात ठळक दिसत नाही. तिथे नायट्रोजन-15 पाहावं लागतं, मासे खाणाऱ्यांत त्याचं प्रमाण वाढलेलं असतं.

जार्मन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ही दुरुस्ती करून निकाल प्रसिद्ध केला, तेव्हा सगळ्या तारखा नवव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जुळल्या. लिंग ओळखता आलेल्यांत सुमारे 80 टक्के पुरुष, बहुतेक 18 ते 45 वयाचे. पण जुळणं आणि सिद्ध होणं यांत अंतर आहे. कार्बन-14 काही दशकांचा पट्टा देतो. 873-74च्या हिवाळ्यापर्यंत आपण पोचतो ते नाणी, बखर आणि थर यांच्या जोरावर.

तलवारीसह पुरलेला योद्धा याच ढिगातला का? (ठाणे)

नाही. तो चर्चच्या भिंतीजवळ वेगळ्या कबरीत होता, क्रमांक 511. गळ्यात वायकिंगांचा देव थोर (Thor) याच्या हातोड्याचं चांदीचं पदक, शेजारी तलवार, मांड्यांमध्ये रानडुकराचा सुळा, मांडीच्या हाडावर खोल घाव. बाजूच्या कबरीतला तरुण त्याच्या अगदी जवळच्या नात्यातला, बहुधा मुलगा, असल्याचं डीएनएवरून दिसलं.

रेप्टनला भारतातला मणी सापडल्याचं वाचलं. महाराष्ट्राशी काही संबंध? (छत्रपती संभाजीनगर)

सामूहिक दफनाच्या उत्खननात 1982 साली कार्नेलियनचा, म्हणजे तांबड्या अकीकाचा, एक मणी मिळाला. अशा मण्यांचा दगड बहुधा गुजरातचा. तिथून अरबी व्यापार, मग पूर्व युरोपातल्या नद्या आणि बाल्टिक समुद्र, असा त्याचा मार्ग मांडला जातो. मणी अनेक हातांतून जातो, म्हणून तो घालणारा भारतात आला होता असा अर्थ काढू नये.

संबंध आहे तो खडकाचा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका साचून अकीक बनला. तोच झिजून, वाहून भरूचजवळच्या रतनपूरच्या गोट्यांच्या थरांत जमा झाला. आपल्याकडे तेर, पैठण, नेवासे इथल्या सातवाहनकालीन थरांत या दगडाचे मणी मिळतात. खाणीतून निघताना दगड बहुधा फिकट, तपकिरी असतो. तो महिनोन्‌महिने उन्हात सुकवून मातीच्या भांड्यात मंद आचेवर भाजतात. त्यातल्या लोहसंयुगांतलं पाणी निघून गेलं की लाल रंग चढतो. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकतो.

आमचं घर जुन्या चर्चजवळ आहे. बागेत खणून पाहावं का? (लेस्टर, इंग्लंड)

आधी चौकशी, मग फावडं. जागा संरक्षित स्मारकात येते का हे काउंटीच्या पुरातत्त्व नोंदींत पाहा. येत असेल तर परवानगीशिवाय खणणं आणि मेटल डिटेक्टर फिरवणं, दोन्ही गुन्हे आहेत.

खणण्याआधी सर्वेक्षण करून घेता आलं तर उत्तम. बागेत मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतल्या चुंबकत्वाचे फरक मोजणारं यंत्र, बहुधा वाया जातो, कारण कुंपण, नळ आणि खिळे यांच्या लोखंडापुढे बाकी काही दिसत नाही. ग्राउंड रडार अर्ध्या मीटरच्या अंतरानं समांतर रेघांत फिरवावं. वाळू-खडीच्या जमिनीत ते छान चालतं, ओल्या चिकणमातीत लहरी शोषल्या जातात.

चाचणी खड्डा 1 मीटर बाय 1 मीटरचा ठेवा. हिरवळ कापून ताडपत्रीवर ठेवा. दर 10 सेंटिमीटरला थांबून तळ साफ करा, फोटो आणि मोजमाप घ्या आणि सगळी माती 10 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. प्रत्येक टप्प्याच्या वस्तू वेगळ्या पिशवीत घालून आत-बाहेर दोन्हीकडे क्रमांक लिहा. मातीचा रंग बदलला तर 10 सेंटिमीटर पुरे व्हायची वाट न पाहता नवा क्रमांक द्या. बागेत वरची माती शतकानुशतकं उलथली गेलेली असते, त्यामुळे रोमन खापर आणि काल-परवाचा प्लास्टिकचा तुकडा शेजारी मिळाला तर त्या थराला एकच वय देऊ नका. आधाराशिवाय 1.2 मीटरखाली जाऊ नका, भिंत कोसळते.

खापरं मऊ ब्रशनं साध्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. धातू धुवायचा नाही. लोखंड ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत कोरड्या डब्यात ठेवा. ओलं लाकूड किंवा चामडं मिळालं तर ओलंच ठेवा, वाळलं की ते आक्रसून फुटतं.

मानवी हाड वाटलं तर तिथेच थांबा आणि पोलिसांना कळवा. पुढचं काम न्याय मंत्रालयाच्या परवान्याशिवाय होत नाही, आणि चर्चची पवित्र केलेली जमीन असेल तर धर्मप्रांताची परवानगी लागते. 300 वर्षांहून जुनी, किमान 10 टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू ‘ट्रेझर’ ठरते. सुट्या एकट्या नाण्याला हा नियम नाही, पण एकत्र मिळालेल्या दोन किंवा अधिक नाण्यांना आहे. अशी वस्तू मिळाल्यावर 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला, कळवावं लागतं आणि ते काम जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरमार्फत, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्यामार्फत, करता येतं. त्यांना वस्तूबरोबर खड्ड्याची मोजमापं आणि थरांची वहीही द्या.