आठवा हिस्सा मोठा की सहावा?

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. १/८ हा १/६ पेक्षा मोठा, असं ठामपणे सांगते. ५/८ आणि ७/१२ आले की नुसता अंदाज! कसं समजवावं?

उत्तर : ८ हे ६ पेक्षा मोठे, एवढंच तिला दिसतंय. छेद म्हणजे वाटेकरी. ते वाढले की वाटा लहान होतो. २४ सेंमी लांबीच्या कागदी पट्ट्या कापा. एकीचे सहा भाग केले तर प्रत्येक ४ सेंमीचा, आठ केले तर ३ सेंमीचा. पट्ट्या मात्र सारख्याच लांबीच्या हव्यात. वहीत हाताने काढलेले लहानमोठे गोल इथेच दगा देतात.

त्याच पट्टीवर ५/८ म्हणजे १५ सेंमी, ७/१२ म्हणजे १४. हेच समच्छेद करणं : १५/२४ आणि १४/२४.

तिरकस गुणाकार (५×१२=६०, ७×८=५६) त्यानंतरच शिकवा. गुणाकार ज्याच्या त्याच्या अंशाशेजारी लिहायचा. जागा चुकली की उत्तर उलटं येतं.

आणि दर वेळी गुणाकार कशाला? ३/७ अर्ध्याहून कमी, ५/९ अर्ध्याहून जास्त. झालं की!